कोयनेलाची मात्रा

‘कोयनेल’ हा शब्द आतां मराठींतून जवळजवळ गेला आहे. क्विनीन ह्या परक्या नांवाला आमच्या पूर्वजांनीं आपल्या जिभेच्या वळणावर आणून हें रूप दिलें होतें. दोन-तीन पिढ्यांपूर्वीं तें घरोघर ऐकूं येई आणि ऐकतांच तोंड वांकडें होई. शब्द गेला ह्याचें आम्हांस दुःख नाहीं. ज्या रोगामुळें तो घरांत शिरला त्याची धास्ती पुष्कळ अंशीं ओसरली, हें त्यामागचें कारण चांगलेंच आहे. परंतु औषधशास्त्राचीं बहुतेक मूलतत्त्वें ह्या एका कडू औषधाच्या व त्याच्या भाऊबंदांच्या इतिहासांत सांपडतात, आणि तीं शिकणाऱ्यांस हा इतिहास मात्र कोणी सांगत नाहीं, एवढें आम्हांस खुपतें.

गोंदिया शहराला लागून फुलचूर नांवाचें गांव आहे. हा सारा मुलूख पूर्वीं भंडारा जिल्ह्यांत होता. १ मे १९९९ रोजीं गोंदिया हा वेगळा जिल्हा झाला. धानाच्या बांध्या, लहानमोठे तलाव, बोड्या, आणि पूर्वेकडे सालेकसा-देवरीच्या बाजूला दाट होत जाणारें जंगल, असा हा प्रदेश. फुलचूरसारख्या गांवांतून शुश्रूषेचें शिक्षण घेऊं लागलेल्या मुलीच्या हातीं औषधशास्त्राचें पुस्तक येतें, तेव्हां तिला पांच पदें पाठ करावीं लागतात : योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. मुली हीं पदें पाढ्यासारखीं घोकतात व परीक्षेंत बिनचूक लिहितात. त्यांत गैर कांहीं नाहीं. पाढे पाठ असावेच लागतात. पण ह्यांतील एकेक पद कळण्यापूर्वीं किती माणसें दगावलीं आणि किती जण औषध घेऊनहि बरे झाले नाहींत, हें जिला ठाऊक आहे तिच्या हातून रात्रीं दोन वाजतांची मात्रा चुकण्याचा संभव कमी, असें आम्हांस वाटतें.

रोग आम्हांस नवा नव्हता. आयुर्वेदानें त्यास विषमज्वर म्हटलें आणि तिसऱ्या दिवशीं उलटणारा तो तृतीयक, चौथ्या दिवशीं उलटणारा तो चातुर्थिक, असे त्याचे भेद केले. खेड्यांतल्या माणसानें त्यालाच एकांतरा, तिजारा, थंडीताप अशीं नांवें दिलीं. निरीक्षण दोहोंचेंहि अचूक होतें. इंग्रजी अमदानींत मृत्यूच्या ज्या नोंदी होत त्यांत ‘ताप’ हें सदर सर्वांत लांब असे, आणि त्या सदराखालीं काय काय दडलेलें आहे हें कोणालाच सांगतां येत नसे. १८८० सालीं लाव्हरान ह्या फ्रेंच लष्करी डॉक्टरानें रोग्याच्या रक्तांत परजीवी जंतु पाहिला. १८९७ च्या ऑगस्टांत सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस ह्यानें तो डासाच्या पोटांत पाहिला. परंतु कारण सांपडण्याच्या कितीतरी आधींपासून औषध वापरांत होतें. औषधांच्या इतिहासांत हा क्रम पुष्कळदां असाच उलटा असतो.

तें औषध म्हणजे दक्षिण अमेरिकेंतील सिंकोना वृक्षाची साल. सतराव्या शतकांत जेझुइट पाद्र्यांमार्फत ती युरोपांत आली. कोणास तिनें गुण येई, कोणास येत नसे. वैद्यांत त्यावरून भांडणें जुंपत आणि दोन्ही पक्षांजवळ आपापले पुरावे असत. भांडणाचें मूळ सालींतच होतें. एका झाडाच्या सालींत गुणकारी द्रव्य भरपूर, दुसऱ्याच्या सालींत नांवालाच. आणि बाजारांत दोन्ही एकाच नांवानें विकत. चमचाभर चूर्ण घेणाऱ्यानें प्रत्यक्षांत काय घेतलें हें देणाऱ्यासहि ठाऊक नसे. १८२० सालीं पॅरिसमध्यें पेलेतिए व काव्हांतू ह्या दोघा औषधशास्त्रज्ञांनीं सालींतून क्विनीन वेगळें काढलें. ‘किती दिलें?’ ह्या प्रश्नास त्या दिवशीं प्रथम अर्थ आला. मात्रा ही कल्पना वजनाच्या कांट्यापेक्षां जुनी असली, तरी कांट्यांत टाकावयाचा पदार्थच जोंवर निश्चित नव्हता तोंवर मात्रा हा केवळ अंदाज होता.

पुढें सिंकोनाचीं झाडें आमच्याकडेहि आलीं. क्लेमंट्स मार्कम ह्यानें पेरूहून आणविलेलीं रोपें १८६० च्या सुमारास निलगिरींत लागलीं, मग दार्जिलिंगकडे. महाबळेश्वराजवळ लिंगमळ्यासहि सरकारनें लागवड करून पाहिली, ती साधली नाहीं. लिंगमळ्याचा धबधबा पाहावयास जाणाऱ्यांपैकीं फार थोड्यांस ही गोष्ट माहीत असते. क्विनीन सर्वांत अधिक असलेल्या जातीचें बीं मात्र चार्ल्स लेजर ह्या इंग्रज व्यापाऱ्याकडून डच सरकारच्या हातीं गेलें. तें बीं जंगलांतून खरोखर गोळा केलें मान्वेल इन्क्रा ममानी ह्या बोलिव्हियांतील आदिवासी माणसानें. झाडाचें नांव पडलें लेजरचें. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत जगांतील क्विनिनाचा बहुतेक सारा व्यापार डचांच्या जावा बेटाच्या मुठींत होता. ह्याचा परिणाम पुढें आलाच.

१८९२ पासून बंगालमध्यें टपालकचेरींतून पैशास एक पुडी ह्या दरानें क्विनीन विकूं लागले. पुडींत औषध ग्रेनांत मोजून घातलेलें असे. आमच्याकडे तोळा, मासा, गुंज हीं वजनें सोनाराइतकींच वैद्याच्याहि उपयोगाचीं होतीं. तोळ्याचे सरकारी ग्रेन १८० होत. एक ग्रेन म्हणजे आजचे सुमारें ६५ मिलिग्रॅम. वाचकांच्या घरीं तापावर घ्यावयाची पॅरासिटामॉलची ६५० मिलिग्रॅमची गोळी बहुधा असेलच. ६०० नव्हे, ७०० नव्हे, ६५०च कां? कारण ती जुनी दहा ग्रेनची मात्रा आहे, आणि ३२५ ची गोळी म्हणजे पांच ग्रेनची. वजनें बदललीं, तरी मात्रेनें आपलें जुनें माप सोडलें नाहीं.

मात्रा कळली तरी क्विनीन हें सरळ औषध नव्हे. कमी पडलें तर जंतु मरत नाहीं. जास्त झालें तर प्रथम कानांत घंटानाद होतो, ऐकूं कमी येतें, डोळ्यांपुढें अंधारी येते, आणि त्याहिपुढें हृदयाची लय बिघडते. रक्तरसांत लिटरमागें सुमारें ८ ते १५ मिलिग्रॅम असतां तें काम करतें. वीसच्या पुढें गेलें कीं धोका आहे. गुण आणि विष ह्यांमधील वाट इतकी अरुंद आहे. उत्तम योजना केली तर विषहि औषध होतें व वाईट योजना केली तर औषधहि विष होतें, हें चरकानें सांगून ठेवलेंच आहे. नवीन शास्त्रानें त्या वाटेची रुंदी मोजली एवढेंच.

मार्गाची गोष्ट अधिक वाईट आहे. उलट्या होणाऱ्या रोग्याच्या पोटांत गोळी टिकत नाहीं म्हणून क्विनीन टोंचून देण्याचा प्रघात पडला. द्रव तीव्र असल्यामुळें टोंचलेल्या जागचें मांस मरे, आणि मेलेलें मांस धनुर्वाताच्या जंतूंस फार मानवतें. ताप उतरलेला रोगी आठवड्याभरानें दांतखीळ बसून मरे, असे प्रकार हिंदुस्थानांत इतके झाले कीं कसौलीच्या डेव्हिड सेंपल ह्यांस १९११ सालीं त्यावर स्वतंत्र निबंध लिहावा लागला. औषध योग्य होतें, मात्राहि योग्य होती; चुकला तो फक्त मार्ग.

पांचांपैकीं सर्वांत उशिरां कळलेलें पद ‘वेळ’ हें होय, आणि ह्या विषयाचें खरें मर्म आम्हांस त्यांतच दिसतें. १९४२ सालीं जपाननें जावा घेतलें व दोस्त राष्ट्रांच्या सैन्यांस क्विनीन मिळेनासें झालें. जवळ होती ती मेपाक्रीन नांवाची, जर्मनांनीं दहाएक वर्षांपूर्वीं शोधलेली पिवळी गोळी. तिनें कातडी पिवळी पडे, पोट बिघडे, आणि पुरुषत्व जातें अशी अफवा शिपायांत होती. तेव्हां ती जिभेखालीं धरून मागें थुंकली जाई. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, जेथें सांगशकच्या लढाईंत १९४४ च्या मार्चांत मराठा पलटणहि होती, शत्रूपेक्षां तापानेंच अधिक शिपाई खाटेवर पडत. सेनापति स्लिम ह्यानें अचानक तपासण्या सुरू केल्या. ज्या पलटणींत शेंकडा ९५ पेक्षां कमी शिपायांनीं गोळी घेतलेली आढळे तिचा मुख्य अधिकारी बडतर्फ होई. तिघांना घरीं पाठविल्यावर बाकीचे समजले, असें त्यानें आपल्या आठवणींत नमूद केलें आहे.

पण शिस्तीनें गोळी घेऊनहि पहिले कांहीं दिवस ताप दबत नसे, हें कोडें उरलेंच. तें न्यूयॉर्कच्या गोल्डवॉटर रुग्णालयांत जेम्स शॅनन ह्याच्या हाताखालीं सुटलें. तोंवर वैद्य ‘रोग्यास किती दिलें’ हें मोजीत. शॅननच्या मंडळीनें ‘रोग्याच्या रक्तांत किती आहे’ हें मोजावयास घेतलें. ब्रोडी व युडेनफ्रेंड ह्यांनीं त्याची रीत बसविली. तेव्हां दिसून आलें कीं, मेपाक्रीन रक्तांत थांबतच नाहीं. यकृतासारख्या अवयवांत तें रक्ताच्या कित्येक पटींनीं जाऊन मुरतें. गोंदियाच्या शेतकऱ्यास हें सांगावयास रसायनशास्त्र नको. उन्हाळाभर तापलेल्या बांधींत पाणी सोडलें तर पहिलें पाणी जमीनच पिऊन टाकते. ती तृप्त झाली म्हणजे मग थोड्या पाण्यानेंहि बांधी भरलेली राहते. शॅननचा निष्कर्ष हाच होता : आरंभीं मोठ्या मात्रा देऊन शरीर भरून घ्यावें, पुढें रोज लहान मात्रा पुरते. औषध तेंच, मात्रांची मांडणी नवी. आणि गुणहि लवकर दिसूं लागला. आज प्रत्येक औषधाच्या शरीरांतील वाटचालीचें जें गणित शिकवितात त्याचा पाया पुष्कळसा ह्या तापाच्या कामांत घातला गेला.

त्याच मंडळींतून १९४८ सालीं ब्रोडी व ज्युलियस ॲक्सलरॉड ह्यांनीं दाखविलें कीं, ॲसिटॅनिलाइड ह्या जुन्या औषधाचें शरीरांत पॅरासिटामॉल होतें आणि गुण येतो तो त्या पॅरासिटामॉलामुळें. आपण गिळतों तें औषध आणि शरीरांत काम करतें तें औषध हीं एकच असतीलच असें नाहीं. मघांच्या दहा ग्रेनच्या गोळीची कुळकथा अशी पुन्हा तापाच्या घरींच येऊन पोंचते.

वेळेचें गणित समजण्यास एक रांजण डोळ्यांपुढें आणावा. बुडाला बारीक भोक आहे, आणि आपण दर आठ तासांनीं एक घागर ओततों. पाणी जितकें अधिक तितकें तें भोकांतून जोरानें जातें. म्हणून रांजण कधींच उतूं जात नाहीं व रिकामाहि होत नाहीं, एका उंचीवर येऊन हेलकावत राहतो. असलेल्या पाण्याचें निम्में व्हावयास जो वेळ लागतो त्यास औषधाचें अर्धायुष्य म्हणतात. क्विनिनाचें तें निरोगी माणसांत सुमारें ११ तास असतें. तीव्र तापांत यकृत मंदावतें आणि तें १८ तासांपर्यंत लांबतें. त्या ठरलेल्या उंचीवर येण्यास साधारणतः चार-पांच अर्धायुष्यें लागतात, म्हणजे दोन दिवस तरी हवेत. मेंदूस चढलेल्या तापांत रोगी तितकी सवड देत नाहीं. म्हणून पहिली मात्रा दुप्पट, वजनाच्या किलोमागें २० मिलिग्रॅम, शिरेंतून चार तासांत हळूहळू. पुढें दर आठ तासांनीं १०. ही रीत थायलंडमधील अभ्यासावरून १९८३ नंतर रूढ झाली. ती दुप्पट मात्रा लावण्याआधीं परिचारिकेस विचारावें लागतें कीं, रोग्यानें गेल्या चोवीस तासांत गांवच्या दवाखान्यांत क्विनीन घेतलें आहे काय? घेतलें असेल तर रांजणांत पाणी आधींच आहे. शिवाय क्विनिनानें रक्तांतील साखर एकाएकीं उतरते. बेशुद्ध रोगी तापानें निश्चेष्ट आहे कीं साखर उतरल्यानें, हें नुसतें पाहून कळत नाहीं. तपासून पाहिलें तरच कळतें, आणि बहुधा त्या वेळीं खाटेजवळ परिचारिकाच असते.

अलीकडे गंभीर हिवतापांत क्विनिनाची जागा आर्टेसुनेटनें घेतली. हें औषध चीनमध्यें तू यूयू ह्या विदुषीनें १९७२ च्या सुमारास एका वनस्पतींतून काढलेल्या द्रव्यापासून झालेलें आहे. तीस २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आशियांतील ज्या मोठ्या तुलनेनें, २००५ सालीं, क्विनिनापेक्षां आर्टेसुनेटनें मृत्यु सुमारें एक तृतीयांश कमी होतात असें सिद्ध झालें, तींत आपल्या ओडिशांतील राउरकेल्याचे रोगीहि होते. आर्टेसुनेटचें सामर्थ्य मोठें, पण आयुष्य फार थोडें. कांहीं तासांतच तें शरीरांतून संपतें. म्हणून गोळ्यांच्या उपचारांत त्याच्याबरोबर दीर्घ काळ टिकणारा एक जोडीदार देतात. पहिला धाड घालतो, दुसरा उरल्यासुरल्यांचा समाचार घेतो. एकट्यावर भिस्त ठेवल्याचा परिणाम आपण क्लोरोक्वीनच्या बाबतींत भोगलाच आहे. जंतु रक्तांतील हिमोग्लोबिन खातो, त्यांतून निघणारें लोहयुक्त विष तो स्फटिक करून बाजूस सारतो. क्लोरोक्वीन तें स्फटिकीकरण थांबवितें आणि जंतु स्वतःच्याच उष्ट्यानें मरतो, अशी ही नामी युक्ति. परंतु १९७३ सालीं आसामांत तिला न जुमानणारा फाल्सिपेरम जंतु प्रथम आढळला. १९६०च्या सुमारास आपल्या देशांतून हिवताप गेलाच असें वाटूं लागलें होतें. १९७६ सालीं रोग्यांची नोंद चौसष्ट लाखांवर गेली. त्याचें खापर एकट्या औषधावर फोडतां येत नाहीं, डासांनींहि डीडीटी पचविलें होतें.

राहिलें ‘योग्य रोगी’ हें पद. आम्हीं पुष्कळांकडून ह्याचा अर्थ केवळ ‘नांव विचारून खात्री करणें’ असा ऐकला आहे. त्या अर्थानें तें आवश्यक आहेच. पण प्रायमाक्वीन ह्या औषधानें त्यास आणखी खोल अर्थ दिला. व्हायव्हॅक्स जातीचा जंतु यकृतांत दडून राहतो आणि कित्येक महिन्यांनीं, डास पुन्हा न चावतांहि, ताप उलटतो. त्या दडलेल्या जंतूपर्यंत जुनीं औषधें पोंचत नाहींत, प्रायमाक्वीन पोंचतें. त्याच्या कसोट्या अमेरिकेंतील स्टेटव्हिल तुरुंगाच्या कैद्यांवर झाल्या. बंदीवानाची ‘संमति’ कितपत खरी मानावी, हा प्रश्न तेव्हां फारसा कोणास पडला नाहीं. ज्यांच्या रक्तावर हें ज्ञान मिळालें त्यांचीं नांवें पुस्तकांत नाहींत, एवढें तरी शिकणाऱ्यानें लक्षांत ठेवावें. त्यांतील कांहीं कैद्यांच्या, विशेषतः कृष्णवर्णीयांच्या, रक्तपेशी ह्या औषधानें फुटूं लागल्या. १९५६ सालीं कारण सांपडलें : पेशींतील जी-सिक्स-पीडी नांवाचें एक विकर त्यांच्यांत जन्मतःच कमी होतें. पुढें हाच दोष मुंबईच्या पारशी समाजांत बऱ्याच प्रमाणांत आढळला, आणि आपल्या आदिवासी समाजांतहि. औषध तेंच, मात्रा तीच, मार्ग व वेळहि त्याच. एकाच्या रक्तांत तें औषध ठरतें, दुसऱ्याच्या रक्तांत विष.

गोंदियाच्या परिचारिकेस हें विशेष जपावें लागतें. पूर्व विदर्भ हा सिकलसेल रोगाचा पट्टा आहे. त्या दोषाचा एकच अंश ज्याच्यांत आहे त्यास फाल्सिपेरम हिवतापापासून संरक्षण मिळतें, हें ॲलिसन ह्यानें १९५४ सालीं आफ्रिकेंत दाखविलें. म्हणजे ज्या जंगलांत ताप पिढ्यान्‌पिढ्या राहिला तेथल्या माणसांच्या रक्तावरच त्यानें आपली खूण ठेवली. सिकलसेलची तपासणी आतां गांवोगांव होते. परंतु ती जी-सिक्स-पीडीची तपासणी नव्हे. एकीचा कागद दाखवून दुसरीबद्दल निश्चिंत होतां येत नाहीं. गर्भवतीस व तान्ह्या मुलास प्रायमाक्वीन द्यावयाचेंच नसतें. इतरांस देतांना सांगावें लागतें कीं, लघवी काळ्या चहासारखी दिसूं लागली तर गोळी तत्काळ थांबवा आणि दवाखान्यांत या.

व्हायव्हॅक्स तापांत क्लोरोक्वीन तीन दिवस व प्रायमाक्वीन चौदा दिवस घ्यावयाचें असतें. ताप बहुधा दोन-तीन दिवसांतच उतरतो. दिवस पावसाळ्याचे, रोवणीचे. परे उपटून ठेवलेले, आणि उतरलेल्या तापाची बाई चौथ्या दिवशीं चिखलांत उभी असते. तिला काम सोडावयास कोणी सांगत नाहीं, सांगून चालणारहि नाहीं; तिच्या घराच्या कोनाड्यांत मात्र दहा दिवसांच्या गोळ्या उरलेल्या असतात. तिच्या दृष्टीनें रोग संपला. यकृतांतला जंतु तिला दिसत नाहीं, दुखतहि नाहीं, आणि दिवाळीच्या आसपास ताप पुन्हा आला तर तो नवाच आला असें ती समजते. आशा कार्यकर्ती किंवा परिचारिका संध्याकाळीं, बाई शेतावरून परतल्यावर, तिच्या घरीं जाते, पाकीट हातांत घेते आणि रिकामीं झालेलीं घरें मोजते.